आखूड बोल्ट

मनोरंजन पार्कच्या तिकीटखिडकीच्या जाळीचा बोल्ट बाहेर आलेला होता, त्यात अडकून मालकांचा नवा शर्ट फाटला. “ते टोक काप,” त्यांनी ड्राफ्ट्समनला फर्मावलं. त्याने कॉम्प्युटरमधल्या आराखड्यात बोल्टवर रेघ ओढली आणि रेघेपलीकडचा तुकडा छाटला. लगेच चौकट उघडली: हाच बोल्ट इतरत्रही वापरलाय, सगळीकडे बदलायचा? पोटात कावळे ओरडत होते. माशी झटकावी तसं त्याने ‘हो’ दाबलं. महिन्याभराने नव्या आकाशपाळण्याच्या पहिल्या फेरीचा मान त्याच्या बायको-लेकीला मिळाला. पाळणे वर चढू लागले तसा फिटर कौतुकाने म्हणाला, “साहेब, बोल्ट बेताचे दिलेत. नट जेमतेम धरतो, पण टोक टोचत नाही.” तो सुखावला. “मालकांचे शर्ट वाचले.” “जाळीचे बोल्ट अजून बदलायचेत. मी पाळण्यांच्या बोल्टांचं बोलतोय.” त्याला ती चौकट आठवली. वरून लेक ओरडली, “बाबा, बघ ना, आमचाच सगळ्यांत जास्त झुलतोय.”