उघडा गंज

सत्यभामेच्या घरी भाताच्या गंजावर, त्या खोल पातेल्यावर, कधी झाकण पडत नसे. गावाबाहेरच्या राइस मिलमध्ये धान उकडायचा बॉयलर फुटला आणि तिचा नवरा जागेश्वर त्यात गेला, तेव्हापासून घरात कोंडलेली वाफ नको, हा तिचा नेम. शेजारणी म्हणायच्या, गॅस वाया जाते बाई. ती ऐकून घ्यायची आणि गंज उघडाच ठेवायची.

आजही भात उघडाच रटरटत होता. समोर लेक बसली होती, ज्योत्सना. साकोलीच्या कॉलेजात शिकवायची नोकरी धरायची, की चेन्नईला जाऊन संशोधनच पुढे न्यायचं, ते तिला उद्या कळवायचं होतं. "तू नाही म्हटलं तं नाही जात," असं तिनं सकाळीच सांगून टाकलं होतं.

देवळात सप्त्याचं कीर्तन उभं राहिलं होतं. एरवी सत्यभामा सगळ्यांच्या आधी जाऊन बसायची. आज पाय निघाला नाही.

"तिथं जाऊन करशीन काय तू?"

"नळीत पाणी उकळते न माय, तवा पाणी अन वाफ संगंसंगं धावते. कुठं नळी कोरडी पडन, कुठं जास्त तापन, त्याचं गणित मांडाचं."

"म्हणजे बॉयलरपाशीच."

"नाही व. कॉम्प्युटरवर."

"कॉम्प्युटरवर पाणी उकळते?"

"उकळते. फुटलं तरी कोणाले भाजत नाही." ज्योत्सना हसली.

सत्यभामा हसली नाही. "तुया बाबाच्या वेळी कोणी मांडत नोतं काय हे गणित?"

लेकीचं हसू मावळलं. खोटं बोलणं सोपं गेलं असतं, पण तिनं खरं तेच सांगितलं. "मांडत होते, माय. आपल्या मिलपर्यंत आलं नोतं."

देवळात टाळ चढत गेले. सत्यभामा भातातल्या बुडबुड्यांकडे पाहत राहिली.

"उद्या हो म्हणून कळव त्यायले," ती म्हणाली. "पण हे गणित इथवर आण."

मग ती उठली. इतकी वर्षं माठावर ठेवलेलं गंजाचं झाकण तिनं काढलं, पदरानं पुसलं आणि भातावर ठेवलं. थोड्या वेळानं ते थरथरायला लागलं.

ज्योत्सना गॅस बारीक करायला पुढे झाली.

"राहू दे," सत्यभामा म्हणाली. ती मागे सरली नव्हती. "वाजू दे."