कार्बोरेटरवरचा तळहात

केरबा रोज चितेगावच्या कारखान्यात मोटरसायकलनं जायचा. हळू असताना गाडी नीट चालायची, पण साठच्या पुढं नेली की दम कोंडल्यासारखी अडखळायची.

क्रांती चौकाजवळच्या बद्रीनाथ मिस्त्रीनं प्लग बदलला, कार्बोरेटरमधला पेट्रोलचा जेट साफ केला, एअर फिल्टरही काढून ठेवला. फरक पडला नाही.

"बस वर आन् पूर्ण रेस दे," तो केरबाला म्हणाला. मग सवयीप्रमाणं त्यानं कार्बोरेटरच्या उघड्या तोंडावर तळहात दाबला. असा हात ठेवला की हवा तुटते आणि कुठलंही इंजिन गुदमरून बंद पडतं.

हे बंद पडलं नाही. उलट त्याचं अडखळणं थांबलं.

"बद्रीभाऊ, लई मोकळी वाजायली!" केरबा सीटवरून ओरडला.

बद्रीनाथनं हात मागं ओढला. हात निघाला नाही. त्यानं गाडीला पाय लावून जोर केला, तरी तळहात तिथंच. आतली ओढ मनगटातून वर सरकत खांद्यापर्यंत आली, मग छातीत उतरली.

"बंद कर," म्हणायला त्यानं तोंड उघडलं. आवाज फुटायला छातीत हवाच उरली नव्हती.

त्याचं उघडं तोंड बघून केरबाला वाटलं, तो आणखी रेस मागतोय. "व्हय, आता बघा!" म्हणत त्यानं रेस आणखी पिळली.