वासराचा पहिला चीक

"दूध कच्चं पिऊ नका, उकळा!" असं ढोरांचा डॉक्टर एकोडीच्या सभेत टेबल आपटून सांगून गेला होता. म्हणून गाय व्याली तेव्हा जागेश्वरनं वासराच्या वाटचा चीकही इमानेइतबारे उकळला. त्याचा झाला खरवस. वासरानं तो नुसता हुंगला आणि तोंड फिरवलं. जागेश्वर घाबरून डॉक्टरला घेऊन आला.

"गाढवा! चिकातलं प्रथिन आपल्या आकाराच्या जोरावर रोगाशी लढते. उकळलं की आकार मोडला, काम खतम! वासराले मारतो का?"

"चुकलं साहेब. थोडा चीक उरला हाय, तो कच्चाच पाजतो. पन या मोडलेल्याचं काय करू?"

डॉक्टरनं एक तुकडा तोंडात टाकला आणि मांडी घालून बसला.

"गूळ आण. अन् उरलेलाही उकळून टाक."