सर्वाधिक सक्रिय सदस्य

बायको गेल्याचं कळवायलाच मुकुंदरावांनी तिच्या फोनवरचा ‘सुगरणकट्टा’ ग्रुप उघडला होता. पण तिथे कुणी रडकुंडीला आली होती : “पद्माताई, अनारसे तुपात विरघळतायत, वाचवा!” त्यांनी बायकोचं जुनं उत्तर शोधून चिकटवलं. अनारसे वाचले. बातमी राहिली.

वर्ष होत आलं. चहाही करता न येणारे मुकुंदराव पद्माताई होऊन दिवसभर ग्रुपवर असत. परवा ताईंना सर्वाधिक सक्रिय सदस्याचा मान मिळाला.

“बाबा, पान वाढलंय. किती हाका मारू?” सून स्वयंपाकघरातून ओरडली.

तेवढ्यात ग्रुपवर कुणी विचारलं, “ताई, तुम्ही कायम इथेच. यजमान रागवत नाहीत?”

मुकुंदरावांनी विचार करून लिहिलं, “ते गेले हो. वर्ष होईल.”

जोडलेल्या हातांची रांग लागली. सून पुन्हा हाक मारत होती. पण आता ओ देणं बरं दिसलं नसतं.