गंधार रडत नाही

मेंदूच्या लहरी टिपणारी तारांची टोपी गंधारच्या डोक्यावरून घसरत होती. पूर्वीने ती पुन्हा सारखी केली. आठ महिन्यांचा गंधार हूं की चूं न करता भिंतीकडे बघत राहिला.

"किती शहाणं आहे हो बाळ," पूर्वी म्हणाली.

याच शहाणपणाची तर त्याच्या आईला, मधुराला, धास्ती होती. शेजारची पोरं आईला बघून पाय झाडतात, खिदळतात. हा नाही.

लालबागहून निघताना सासूबाई म्हणाल्या होत्या, "याचो बापूस पण असोच गप होतो. आता बघ, गप ऱ्हवाचा नाव घेणा नाय." मधुराला हसू आलं नव्हतं.

आईच्या चेहऱ्यावरून बाळाचा मेंदू काय शिकतो, यावर ही मुलगी, पूर्वी, परळच्या या संस्थेत पीएचडी करत होती. आयांच्या ग्रुपवर तिचा मेसेज आला आणि मधुराने लगेच नाव दिलं. घरी सांगितलं, नुसता अभ्यास आहे. खरं तर गंधारमध्ये काय बिघडलंय, ते कुणीतरी एकदाचं सांगून टाकावं, असं तिला वाटत होतं.

"सोप्पंय, ताई. आधी घरी खेळता तसं खेळायचं. मी हात वर केला की थांबायचं. मग हसायचं नाही, बोलायचं नाही, नुसतं त्याच्याकडे बघायचं. बाळं गोंधळतात, रडतात. रडला की लगेच घ्या."

"आणि नाही रडला तर?"

"बघू ना."

पूर्वी कॅमेरा सुरू करून काचेच्या भिंतीपलीकडे गेली. मधुरा गंधारच्या समोर बसली. त्याची नजर कुठे जाते, बोटं कशी वळतात, काही निसटू नये म्हणून ती डोळ्यांत तेल घालून बघत होती. काचेपलीकडे हात वर झाला. तिने ओठ मिटले.

रड रे, ती मनात म्हणत होती. एकदा तरी रड.

गंधार रडला नाही.

"मला बघायचंय रेकॉर्डिंग," टोपी काढून होताच मधुरा म्हणाली. "आत्ता."

"ताई, घरी जाऊन जरा आराम करा, मग मी फोन..."

"आत्ता दाखव."

पूर्वीने लॅपटॉप तिच्याकडे वळवला. आवाज बंद होता. पडद्यावर मधुराचा चेहरा दगडासारखा. समोर गंधार. त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं, हात उचलला, जरा वेळ तसाच धरला. मग हात खाली आला आणि नजर भिंतीकडे वळली.

"बघ ना," मधुराने पडद्यावर बोट ठेवलं. "सख्खी आई अशी पुतळ्यासारखी बसलीय, आणि त्याला काहीच नाही. कुठलंही बाळ घाबरलं असतं. खरं सांग, काय झालंय त्याला?"

पूर्वीने पडद्यावरचं चित्र थांबवलं.

"ताई," ती हळूच म्हणाली, "हा मी हात वर करायच्या आधीचा भाग आहे. तुम्ही खेळत होतात तेव्हाचा."