धम्मप्रियाचा दात

लातुरात शिकवण्यांच्या गल्लीत गुणवंतांचे चेहरे फलकांसाठी उजळून देणारा अंबरीश त्या दुपारी भामाबाईंच्या लेकीचा फोटो संगणकावर दुरुस्त करत होता. भूकंपात घर कोसळले, तेव्हा सहा वर्षांची धम्मप्रिया सापडलीच नाही. ढिगाऱ्यातून निघाला तो हा एकच फोटो.

"डाग काढ बाबा, पर पडलेला दात बुजवू नको. तीच तिची वळख हाय."

"मावशी, मूळ फोटोला मी हातच लावत नाही. दुरुस्ती वरच्या वेगळ्या थरावर होते. तो थर झाकला, की खाली फोटो जसाच्या तसा."

भामाबाईंचा विश्वास बसेना, म्हणून त्याने थर झाकला. डाग परतले, मात्र पडलेल्या दाताच्या जागी नव्या दाताचे पांढरे टोक डोकावत होते.

"बुजवलासच नव्हं?"

"नाही, मावशी."

भामाबाईंनी पिशवीतला कागदी फोटो काढून दाराच्या उजेडात धरला.

"दात यायलाय पोरीला," त्या हळूच म्हणाल्या.

अंबरीशने त्यांच्या खांद्यावरून पाहिले. सकाळी फोटो स्कॅन करताना धम्मप्रियाच्या पावलांवर लोळणारा परकर आता घोट्यांच्या वर आला होता.