केशरी भिंत

लेकीचा व्हिडिओ कॉल यायच्या आधी शालिनीबाईंनी बैठकीच्या कोपऱ्यात विजेच्या शेगडीवर पाणी उकळत ठेवलं. भिंतीवर चांदीचे अतिसूक्ष्म कण होते आणि त्यांवर पातळ थर. श्वासांच्या दमटपणाने तो थर फुगला, की परतणाऱ्या प्रकाशाचा रंग बदले. एकट्या माणसाची भिंत निळी, माणसं जमली की केशरी.

“आई, कोण आलंय गं?” केशरी भिंत पाहून केतकीने विचारलं.

“शेजारच्या रेगेकाकू. कॅमेऱ्यासमोर यायला लाजतात.”

केतकी खुशीत बोलत राहिली. तोवर पातेल्यातलं पाणी आटलं आणि बाईंच्या पाठीमागची भिंत हळूहळू निळी झाली. केतकीचा चेहरा उतरला.

“काकूंना माझा नमस्कार सांग हं.”

“सांगते,” शालिनीबाई म्हणाल्या. त्यांना मागे वळून बघवेना.